बांधावरचा अडुळसा दाराशी आणा

गेल्या वर्षीच्या भाद्रपदातली गोष्ट. अंबडहून शहागडच्या बाजूला एका गावी कपाशी पाहायला गेलो होतो. तुडतुड्यांनी पानांच्या कडा मुरडून तांबूस व्हायला लागल्या होत्या. शेतमालकाशी बोलणे आटोपून निघालो, तोच त्यांच्या मातोश्री बांधाकडून आल्या. ओच्यात अडुळशाची पाने होती.

"साहेब, एक इचारू का?" त्या म्हणाल्या. "नातवाला चार दिसांपासून खोकला हाय. ह्यो पाला उकळून द्यावा म्हणते. पण काल पोरानं कपाशीवर फवारा मारलाय. द्यावा का नगं?"

वाचक बंधू-भगिनींनो, खरे सांगतो, क्षणभर मला उत्तर सुचले नाही. फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवायचे हे मी गावोगाव सांगत आलो आहे. औषधाच्या डब्यावर ते छापलेलेही असते, पण ते कपाशीसाठी, वांग्यासाठी, भेंडीसाठी. बांधावरच्या अडुळशासाठी कोणत्याच डब्यावर काही लिहिलेले नसते.

"नका देऊ मावशी," मी म्हणालो. "तो पाला टाकून द्या आणि पोराला दवाखान्यात दाखवा."

त्यांनी पाला टाकला, पण चेहऱ्यावर नाराजी होती. चाळीस वर्षे ज्या झुडपाने घरातला खोकला बरा केला, ते एका फवाऱ्याने बाद झाले. तेव्हापासून मी बैठकीत हा विषय काढतो, आणि आज तो तुमच्यापुढे मांडतो आहे. घरगुती औषधांची नावे आणि कृती सांगणारे लेख पुष्कळ येतात. पण ती पाने कुठून तोडायची आणि केलेले तेल कशात भरायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. आपल्या कपाशी-मोसंबीच्या मुलखात खरी गोम तिथेच आहे.

धुतल्याने विष जात नाही

अडुळशाला शेळी तोंड लावत नाही, म्हणून आपल्या वाडवडिलांनी तो कुंपणाला लावला. सोय उत्तम होती. पण कुंपण हे वाऱ्याला आडवे असते. कपाशीवर पंप चालू असला म्हणजे वाऱ्याबरोबर उडालेले तुषार आधी कुंपणावरच बसतात. मोसंबीच्या बागेत मोठ्या यंत्राने फवारतात, तेव्हा ते याहून लांब जातात. त्यातली आंतरप्रवाही औषधे पानाच्या आत शिरतात. अशी पाने तीनदा धुतली तरी आतले विष निघत नाही. उकळल्याने ते मरेल असेही समजू नका. काढा आटवताना पाणी उडते आणि बाकीचे भांड्यातच राहते.

फवारणीचे विष ही काय चीज आहे हे वेगळे सांगायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मोठ्या माणसाची ही गत, तर चार वर्षांच्या पोराला तो पाला कसा द्यायचा?

बांधावर तणनाशक मारण्याची पद्धत पडल्यापासून माका, पुनर्नवा, लव्हाळा यांचेही तेच झाले आहे. म्हणून माझे सांगणे एवढेच की, औषधाची झाडे शेतातून उचला आणि दाराशी आणा. जागा किती लागते? एका बाजेएवढी.

सांडपाण्यावरची बाग

अंबड तालुक्यात पाण्याचे सोंग आणता येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, त्यांचे बुंधे तोडून सरपणाला गेलेले आपण सर्वांनी पाहिले. त्याच वर्षी टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या घरांच्या दारात कोरफड आणि अडुळसा मात्र हिरवे होते. ही झाडे नहाणीच्या पाण्यावर तगतात.

पण त्यातही थोडा विवेक हवा. साबणाचे, कपड्याच्या सोड्याचे पाणी थेट तुळशीच्या, ओव्याच्या बुडाशी सोडू नये. त्या पाण्याला आधी हातभर खोल खड्डा द्या. खाली विटांचे तुकडे, वर जाड वाळू, आणि कडेला कर्दळ किंवा केळ. तिथून पाझरणाऱ्या पाण्यावर अडुळसा आणि जास्वंद लावा. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी तुळस, पानओवा, गवती चहा यांना घाला. घरातल्या लेकीसुनांना दोन बादल्या वेगळ्या ठेवायला सांगितले म्हणजे झाले.

दुसरी गोष्ट जमिनीची. गोदाकाठची आपली काळी भारी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि कोरफडीची मुळे कुजतात. तिच्यासाठी वीतभर उंच ओटा करा. एक घमेले माती, एक घमेले बारीक मुरूम आणि अर्धे घमेले कुजलेले शेणखत पुरते. फुटकी घागर, जुना पत्र्याचा डबा, काहीही चालते. फक्त कीटकनाशकाचा कॅन कापून त्याची कुंडी करू नका.

अडुळशाचे छाट मृगाच्या पावसानंतर घ्या. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची काडी हवी. खालचे दोन डोळे मातीत जाऊ द्या आणि पाने एक-दोनच ठेवा. गवती चहाचे ठोंब, पानओव्याचा शेंडा आणि कोरफडीचे पिल्लू कोणा शेजारणीकडे मिळतेच. काडी आणायची ती मात्र बांधावरच्या झाडाचीही चालेल. नव्या जागी फुटलेली सगळी कोवळी पाने पहिल्या दोन-तीन महिन्यांत खुडून टाका आणि त्यानंतरची फूट वापरा.

खोकला, भाजणे आणि जखम

अडुळशात वासिसिन नावाचे द्रव्य असते. दुकानातल्या खोकल्याच्या पुष्कळ बाटल्यांवर ब्रोमहेक्सिन हे नाव दिसते, ते औषध याच वासिसिनच्या अभ्यासातून तयार झाले आहे. तेव्हा आजीचा काढा म्हणजे भाबडेपणा नव्हे. मोठ्या माणसासाठी चार-पाच पाने दोन कप पाण्यात एक कप राहीपर्यंत उकळावीत, गाळून थोडा गूळ घालावा आणि अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी घ्यावा. तीन-चार दिवस, त्याहून अधिक नाही. जास्त घेतला तर मळमळते, उलटी होते. गरोदर बाईने तो मुळीच घेऊ नये, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. आणि कोणताही खोकला दोन आठवडे टिकला की काढा बंद करून सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तिथे क्षयाची तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. लहान मुलाला धाप लागत असेल, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर एक घटकाही घरी थांबू नका.

काढ्यात मध घालण्याची पद्धत चांगली आहे, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. मधातल्या काही जंतूंचे विष त्या कोवळ्या आतड्यात तयार होऊ शकते. हे आपल्या आजीला ठाऊक नव्हते. आता ठाऊक झाले आहे, म्हणून बदलायचे.

चुलीवर, गॅसवर हात पोळला तर पहिले औषध साधे गार पाणी. वीस मिनिटे त्याखाली हात धरा. मग कोरफड. तिचे पान कापले की बुडातून पिवळा कडू चीक गळतो. पान दहा-पंधरा मिनिटे उभे करून तो चीक निथळून द्या, मग साल काढून आतला पांढरा गर घ्या. तो चीक कातडीला चरचरतो. हाच चीक वाळवला म्हणजे काळा बोळ होतो, आणि तो जबर रेचक आहे. गर त्याच दिवशी वापरावा. दुकानातले कोरफडीचे जेल महिनोन् महिने टिकते ते त्यात टिकाऊ द्रव्ये घातलेली असतात म्हणून. आपल्या घरचे तसे टिकणार नाही. भाजल्याने फोड आले असतील, कातडी गेली असेल किंवा पोळलेली जागा तळहाताहून मोठी असेल, तर कोरफड नको, शाई नको, टूथपेस्ट तर नकोच.

हळदीचे पाच-सहा कंद दाराशी जरूर लावा. अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत कधीही लावा, थोडी सावली असली तरी चालते, आठ-नऊ महिन्यांत काढायला येतात. विकतच्या पुडीचा पिवळेपणा कुठला आहे याची खात्री नसते, घरच्या ओल्या कंदाची असते. हळदीवरून एक हकीकत आठवली. १९९५ साली हळदीने जखम भरते या गोष्टीचे पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते! त्या वेळी आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि जुन्या वैद्यकीय मासिकांतले लेख पुराव्यादाखल पुढे केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आजीला तोंडपाठ होते एवढ्यावर तो दावा जिंकता आला नसता. छापलेले होते म्हणून जिंकला. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून झाडाचे नाव, कोणता भाग, किती आणि कशाला, हे एका वहीत उतरवून घ्या असे मी म्हणतो ते याचसाठी. वहीत 'कोणाला देऊ नये' हाही एक रकाना ठेवा.

त्या रकान्यात पहिल्यांदा गुळवेल लिहा. करोनाच्या साथीत घरोघर तिचा काढा झाला. २०२१ साली मुंबईच्या काही यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि दुसऱ्याच जातीची वेल वापरली गेली असेल असा मुद्दा मांडला. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आपण एवढे करावे की खोडावर फोडासारख्या गाठीच गाठी असलेली वेल घेऊ नये, कावीळ होऊन गेलेल्याने किंवा नेहमीच्या गोळ्या चालू असलेल्याने वैद्याला विचारल्याशिवाय काढा घेऊ नये, आणि महिनोन् महिने तर कोणीच घेऊ नये. दुसरे नाव कडुलिंबाच्या तेलाचे. ते पिकावर फवारायला उत्तम, पण लहान मुलाच्या पोटात थोडे गेले तरी झटके येऊन जीव धोक्यात येतो. जंतांसाठी म्हणून ते कधीही पाजू नये.

साप चावला किंवा फवारणीचे विष अंगावर-पोटात गेले, तर वही उघडूच नका. गाडी काढा. सापाच्या विषावर प्रतिविषाची लस हाच उपाय आहे, आणि ती दवाखान्यात असते.

उटणे आणि माक्याचे तेल

आता थोडे हौसेचे. दिवाळीच्या आधी उटण्याच्या पुड्या बाजारात येतात. त्यावर घटकांत 'नागरमोथा' असतो. हा मोथा कोण, ओळखा पाहू? ज्या लव्हाळ्याच्या नावाने आपण वर्षभर बोटे मोडतो, ज्याच्या गाठी खुरपून खुरपून बायकांचे हात दुखतात, त्या गाठी म्हणजेच आयुर्वेदातली मुस्ता. नागरमोथा हा तिचा सख्खा भाऊ. गाठ फोडून वास घेऊन पाहा, उटणे आठवेल. परसात जिथे कधी तणनाशक पडलेले नाही तिथल्या गाठी खणा, स्वच्छ धुवा, तंतू जाळीवर घासून काढा, वाळवा आणि कुटा.

एक वाटी मसुराच्या डाळीचे पीठ, अर्धी वाटी मोसंबीच्या वाळल्या सालीची पूड, दोन चमचे मोथा, दोन चमचे आंबेहळद, मूठभर गावरान गुलाबाच्या वाळल्या पाकळ्या. सगळे वस्त्रगाळ करून कोरड्या बरणीत भरले की चार-पाच माणसांच्या अभ्यंगस्नानाला पुरते. साल सावलीत वाळवा, उन्हात तिचे सुगंधी तेल उडून जाते. आपली जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकन मिळालेली, तेव्हा दुसऱ्या कुणाची संत्री कशाला? पण इथेही तीच गोम. फवारलेल्या औषधाचा अंश गरापेक्षा सालीत जास्त राहतो. परसात एखादे झाड न फवारता राखलेले असेल तर त्याचीच साल घ्या. नसेल तर साल वगळा, उटणे त्यावाचून अडत नाही. पहिल्यांदा कोपराच्या आत थोडे लावून एक दिवस पाहा, खाज उठली तर वापरू नका. तान्ह्या बाळाला उटण्याची गरज नाही. त्याच्या डोळ्यांत घरचे काजळ घालण्याचीही नाही, डोळ्यांचे डॉक्टर त्याला मना करतात.

माका कालव्याच्या पाझराला आपोआप उगवतो. पांढऱ्या बारीक फुलांचा, पान चुरगळले की बोटे काळी करणारा. पण कालव्याच्या कडेला गुरे, कपडे, गावचे पाणी सगळेच येते. त्यातली दोन रोपे मुळासकट आणून नहाणीच्या ओलीला लावा, महिन्याभरात पसरतो. पाव लिटर तीळतेलाला एक लिटर माक्याचा रस असे शास्त्रात प्रमाण आहे, घरोघर अर्ध्या लिटरवर भागवतात. लोखंडी कढईत मंद आचेवर ठेवा आणि उलथन्याने ढवळत राहा. दोन-तीन तास लागतात. तेल झाले की नाही हे ओळखायची खूण आपल्या कपाशीच्या मुलखाला शोभेशी आहे. कापसाची वात तेलात बुडवून पेटवा. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, मुकाट्याने जळली तर तेल झाले. पाणी राहिलेले तेल पंधरा दिवसांत खवट होते, बुरशी धरते, आणि मग बाई म्हणते माक्याला गुण नाही. या तेलाने पिकलेले केस काळे होतात असे मी सांगणार नाही, माझे झालेले नाहीत. डोके गार राहते, केस मऊ राहतात, एवढा अनुभव आहे.

केस धुवायला पाव किलो शिकेकाई, शंभर ग्रॅम बी काढलेला रिठा, शंभर ग्रॅम आवळकाठी आणि पन्नास ग्रॅम मेथी. जाडसर कुटून ठेवा, एका वेळी मूठभर रात्री भिजवून सकाळी उकळा. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर फार झोंबते, मुलांचे डोके धुताना जपा.

आणि आता बाटली. एका घरी मला अशाच माक्याच्या तेलाचा वास घ्यायला दिला. तेल सुरेख झाले होते. पण बाटली पांढऱ्या जाड प्लास्टिकची, वर खरवडलेल्या लेबलाचा लाल त्रिकोण अजून दिसत होता. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. "सोड्यानं चार येळा धुतलीय, वास बी येत न्हाई," त्या घरच्या सूनबाई म्हणाल्या. त्यांचा दोष नव्हता, बाटली मजबूत, झाकण घट्ट, टाकवत नाही. पण वास गेला म्हणजे विष गेले असे नसते. पुष्कळ कीटकनाशके पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळतात. पाण्याने जे निघाले नाही ते तेल ओढून घेते, आणि तेच तेल आपण पोरीच्या टाळूवर चोळतो. ते सगळे तेल मी त्यांना टाकायला लावले. तीन तासांचे काम होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मलाही वाईट वाटले, पण पर्याय नव्हता.

रिकामी बाटली फवारणीच्या वेळीच तीनदा खळबळून ते पाणी पंपात ओता आणि बाटलीला तिथेच भोक पाडा. भोक पडलेली बाटली कोणी घरात आणत नाही. औषधी तेल काचेच्या बाटलीत किंवा चिनी मातीच्या बरणीत भरा, वर नाव आणि तारखेची चिठ्ठी चिकटवा. फवारणीचे घमेले, बादली, ढवळायची काठी यांतले काही औषध करताना जवळही नको.

बचत गटाच्या भगिनी विचारतात, उटणे-तेल विकता येईल का? घरापुरते केले तर कोणी अडवत नाही. विकायचे म्हटले की १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागतो, परवाना घ्यावा लागतो. आधी अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करा, मग लेबले छापा. आणि कोणी 'तुमच्या एकरभर औषधी पिकाचा माल आम्हीच घेऊ' म्हणून महागडे बेणे द्यायला आला, तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. सफेद मुसळीच्या लाटेत अशा हमीवर विसंबून हात पोळलेले शेतकरी मी पाहिलेले आहेत. दाराशी पाच झाडे ही एक गोष्ट, एकरभर पीक ही निराळी.

यंदा श्रावणात पुन्हा त्या मावशींच्या गावी जाणे झाले. नातू ठणठणीत आहे. दवाखान्यात नेले तेव्हा साधा खोकलाच निघाला होता. नहाणीच्या मागे अडुळशाच्या पाच काड्या लावल्या होत्या. तीन फुटल्या आहेत, एक वाळली. पाचवीचे काय झाले म्हणून विचारले, तर मावशींनी नातवाकडे बोट दाखवले. मुळं फुटली का ते पाहायला पठ्ठ्याने ती रोज उपटली होती.